ओली जमीन

कालमान न्हावी माझ्या तोंडाला फेस फासतो आणि मग मला तसाच खुर्चीत सोडून देतो. माझी दाढी राठ, ती मऊ पडायला वेळ लागतो, तोवर तो आधीच्या गिऱ्हाइकाचे केस झाडून घेतो. त्या शनिवारी दुपारीही त्यानं तेच केलं. फरक एवढाच की महिनाभर पावसाचा थेंब नव्हता, रस्त्यावरची धूळ थेट दुकानात येत होती, म्हणून झाडण्याआधी त्यानं एका डब्यात हात बुडवून जमिनीवर पाण्याचे चार हबके मारले. आरशात मला मागचं बाक दिसत होतं. बाकावर बाबा बसले होते, नेहमीसारखे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. त्यांनी ओली जमीन पाहिली. मग घाईघाईनं हात बाहेर काढले, आधी पालथे करून पाहिले, मग तळवे पाहिले, पँटला पुसले आणि माझ्याकडे बघत विचारलं, "गेलेर्ट, हे मी केलं का रे?"

"नाही हो, आम्ब्रूशकाका," कालमान म्हणाला. "मी शिंपडलं. धूळ किती झालीय बघताय ना."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय? डबा माझ्या हातात आहे की."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला ओदोन बसला होता. बाबांच्याच वयाचा, त्यांच्याच धंद्यातला, आणि एकाच दिवशी त्यांच्याबरोबर मोटारींच्या कारखान्यातून बाहेर काढलेला. वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता तो म्हणाला, "राहू दे रे कालमान, कशाला समजावतोस? कुठं ओल दिसली की आम्ब्रूशला ती आपलीच वाटते. उद्या नदीला पूर आला तरी हाच माफी मागायला जाईल."

कालमान हसला. बाबाही हसले, आणि हसता हसता त्यांनी हात पुन्हा मांड्यांखाली सारले. मला लाज वाटली. ही लाज मला नवी नव्हती. सहा वर्षं ती माझ्याकडे जेवायला असते, माझ्याबरोबर चर्चला येते, रात्री उशीच्या त्या बाजूला पडते. पण त्या दुपारी ती कानशिलांपर्यंत चढली. फेसाखाली माणसाचा चेहरा लाल झालेला दिसत नाही, एवढाच त्या फेसाचा उपकार. बाबा इथं दर शनिवारी येतात ते स्वतःच्या हातानं दाढी करायची त्यांना भीती वाटते म्हणून. पन्नास वर्षं गाड्यांवर रंग चढवलेला हात तो. अजून चमच्यातलं सूप सांडत नाही. डॉक्टरनं तीनदा तपासून सांगितलं की हात ठणठणीत आहे. पण बाबांचं म्हणणं, हात ठणठणीत आहे पण तो माझं ऐकत नाही, मला न विचारता परस्पर काहीतरी करून बसतो आणि मला आठवतही नाही. म्हणून ते गॅसला हात लावत नाहीत. काड्यापेटी आईकडे असते. दाराला कडी घातली की नाही हे ते झोपण्याआधी चारचारदा विचारतात, आणि आई चारचारदा "घातली हो" म्हणते. आणि हे सगळं एका वाक्यानं थांबवता येण्यासारखं असताना मी सहा वर्षं मूग गिळून बसलो होतो. त्यांना हाताला धरून न्हाव्याकडे आणत होतो आणि आमची अख्खी डेलरे वस्ती म्हणत होती, मुलगा असावा तर असा.

त्यांचा हात कसा होता हे मला ठाऊक आहे, कारण कारखान्याच्या आधी दोन वर्षं मी त्यांच्या हाताखाली घोडागाड्यांच्या रंगशाळेत होतो. मोटारी आल्या तेव्हा सुरुवातीला त्याही तिथंच रंगायला यायच्या, कारण दुसऱ्या कुणाला ते येतच नव्हतं. गडद हिरवा, काळ्याकडे झुकणारा मरून, चाकं पिवळी. एका गाडीला महिना लागायचा. आधी शिसं मिसळलेल्या रंगाचा हात, मग भरणीचे पाच थर, मग दगडानं आणि पाण्यानं घासणं, मग रंग, मग व्हार्निश, पुन्हा घासणं, आणि शेवटचं व्हार्निश. ते शेवटचं व्हार्निश बाबा द्यायचे. त्या खोलीत जाताना ते लोकरीचा कपडा अंगावर ठेवत नसत, मिशी पाण्यानं ओली करून घेत, आणि आत गेल्यावर सगळ्यात आधी जमिनीवर पाणी शिंपत. धुळीचा एक कण ओल्या व्हार्निशवर बसला की महिन्याचं काम मातीत. पाणी आतल्या भिंतीपासून दाराकडे शिंपायचं, म्हणजे ओल्यावर आपला पाय पडत नाही. एका ओंजळीत तीन हबके, हात खांद्यातून नाही, मनगटातून. हे त्यांनी मला कधी बोलून शिकवलं नाही. मी पाहिलं आणि माझा हात करू लागला. नंतर मला कितीतरी गोष्टी मुद्दाम शिकायला लागल्या, इंग्रजी, हिशेब, साहेबासमोर उभं राहणं. त्या सगळ्या वरवरच्या राहिल्या. पाणी शिंपणं तेवढं आत गेलं.

मग काळ्या रंगाचा जमाना आला. काळा रंग भट्टीत भाजला की काही तासांत वाळतो, बाकीच्यांना महिना लागतो, आणि महिनाभर गाडी उभी ठेवायला कुणाकडे जागा नव्हती. रस्ते काळे झाले. बाबा म्हणायचे, शहरात रोज कुणाचं तरी दफन असल्यासारखं वाटतं. आणि मग ते नवं लॅकर आलं. बंदुकीनं फवारायचं, तासाभरात वाळतं, आणि कुठलाही रंग मागा, मिळतो. लोक रंगासाठी आसुसलेलेच होते. विक्री खात्यातली माणसं बायकांच्या टोप्या, रेशमी फिती, एकदा तर एका पक्ष्याचं पीस घेऊन आमच्याकडे यायची आणि म्हणायची, असा रंग करा. आमच्याकडे म्हणजे रंगखोलीत. तोवर मी तिथं लागलो होतो, गिल या नावानं, कारण गेलेर्ट हे नाव साहेबाच्या जिभेवर बसत नव्हतं आणि मलाही ते बदललेलं बरंच वाटलं होतं. पहिल्या मोठ्या प्रदर्शनासाठी निळा हवा होता. मी आईचा नीळ चढवलेला जुना एप्रन पिशवीत घालून नेला आणि तीन आठवडे त्याच्याशी रंग जुळवत बसलो. धुऊन धुऊन मऊ झालेल्या, उन्हात वाळलेल्या कापडाचा तो निळा. कुठून आणला हे मी कुणाला सांगितलं नाही. साहेबाला वाटलं तळ्यावरून सुचला असेल, मी वाटू दिलं.

रंगशाळेतल्या म्हाताऱ्यांना कारखान्यानं ठेवून घेतलं होतं, पण बंदूक त्यांच्या हातात दिली नाही. बाबा, ओदोन आणि आणखी एक जण गाड्यांच्या बॉडी घासायला होते, दिवसभर हात पाण्यात. लॅकरच्या खोलीत त्यांना मज्जाव होता. कारण लॅकरला पाण्याचं वावडं. हवेत ओल असली की ते वाळता वाळता पांढरं पडतं, रंगावर दुधाची साय धरते. म्हणून दारावर पाटी होती की आत पाण्याचा थेंब न्यायचा नाही. पाटी इंग्रजीत होती. आमच्या भाषेत तिचा अर्थ सगळ्यांना मी समजावून सांगितला होता, एका खोक्यावर उभं राहून, आणि शेवटी गंमत म्हणून असंही म्हणालो होतो की जुन्या धंद्याची सवय असलेल्यांनी हात खिशात ठेवावेत. लोक हसले होते. बाबाही हसले होते.

तो जूनचा दिवस होता, आधीच अंगाला हवा चिकटत होती. जेवणानंतर मालक आणि विक्री खात्याची मंडळी निळ्या बॉडी फवारताना बघायला येणार होती. जेवणाच्या सुट्टीत मी एकटाच खोलीत गेलो. नऊ बॉडी रांगेनं उभ्या होत्या, घासून तयार. वरच्या काचेतून उन्हाची तिरीप आली होती आणि तिरिपीत धूळ नाचत होती. मला फक्त एवढंच दिसत होतं की माझ्या निळ्यावर धूळ बसणार. दाराबाहेर घासणाऱ्यांची पाण्याची बादली होती. त्यानंतरचं मला आठवतं ते असं की मी दारात पाठमोरा उभा आहे, माझा हात ओला आहे, आणि आतल्या भिंतीपासून दारापर्यंत जमिनीवर ठिपक्यांची सारखी नक्षी आहे. पुसायला हवं होतं. फडका शोधायला वळलो तर भोंगा झाला आणि माणसं यायला लागली. मी स्वतःला म्हटलं, वाळेल. आणि हात खिशात घातला.

ते वाळलं नाही. पाव तासात पहिल्या बॉडीच्या छपरावर पांढुरकी झाक आली, मग दारांवर, मग एकेक करत नऊच्या नऊ. आईच्या एप्रनवर कुणी ताक सांडावं तसं. मालक घड्याळ बघून निघून गेले. मग साहेबानं जमीन पाहिली. कडेला अजून ओल होती. सगळ्यांच्या माना एकदमच घासणाऱ्या म्हाताऱ्यांकडे वळल्या, कुणाला सांगावं लागलं नाही. तिघांत बाबा दाराच्या सगळ्यात जवळ होते, आणि त्यांचे हात कोपरापर्यंत ओले होते. साहेब मला म्हणाला, "तुझ्या म्हाताऱ्याला विचार, पाणी यानं मारलं का?"

मी विचारलं. आमच्या भाषेत, सगळ्यांसमोर. "बाबा, तुम्ही आत पाणी शिंपलंत का?"

बाबांनी जमिनीकडे पाहिलं. हात खांद्यातून नाही, मनगटातून मारलेला होता हे त्यांना दिसलं असणार. स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला आठवत नाही रे. सवयीचा हात आहे, आपोआप जातो. गेलाही असेल. पण मला आठवत नाही."

मी साहेबाकडे वळलो आणि म्हणालो की ते म्हणतात, जुन्या सवयीनं त्यांच्याकडून झालं, त्यांना वाईट वाटतं, त्यांना माफ करावं. चांगलं लांब वाक्य होतं ते. नुसतं "हो" म्हटलं असतं तर बाबांना कळलं असतं, तेवढं इंग्रजी त्यांना येत होतं. मी त्यांच्या वतीनं माफीसुद्धा मागितली. ते ऐकताना बाबा साहेबाकडे बघत मान डोलवत होते, मुलगा आपली बाजू मांडतोय म्हणून. ही सवय तिघांनाही असणार म्हणून संध्याकाळच्या आत तिन्ही म्हाताऱ्यांना कामावरून काढून घरी पाठवलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथं संन्यासी तीन होते आणि चोरच दुभाषा होता. घरी जाताना बाबा वाटेत एवढंच म्हणाले, "तू प्रयत्न केलास. माझंच चुकलं असणार."

दहा दिवसांनी आम्हाला उपाय सापडला. हवेत सावकाश उडून जाणाऱ्या पातळ द्रवाचा एक हलका फवारा दिला की पांढरी साय विरघळते आणि खालचा रंग जसा होता तसा वर येतो. तो फवारा मीच दिला. नऊच्या नऊ बॉडी निळ्या झाल्या, आईच्या एप्रनइतक्या निळ्या. म्हणजे काही बिघडलंच नव्हतं. मला रंगखोलीचा मुख्य केलं. म्हाताऱ्यांना परत बोलवा, असं मी म्हणू शकलो असतो. ते वाक्य मी सोमवारी म्हणायचं ठरवलं आणि मग असे कितीतरी सोमवार गेले. त्या नऊंपैकी एक गाडी अजून आमच्या भागातून जाते, पाव बनवणाऱ्याच्या जावयानं विकत घेतलीय. बाबांना ती आवडते. ती गेली की म्हणतात, बघ, तुझा निळा. मग मी बूट बांधायला वाकतो.

कालमान केर काढून झाडू ठेवायला मागे गेला. आरशात बाबा होते, ओल्या जमिनीकडे बघत. त्यांचे ओठ हलत होते. डब्यातून किती हबके मारले ते मोजत होते की काय, देव जाणे. मला वाटलं, हे असंच चालणार. ते मरतील तेव्हा हात मांडीखालीच असतील आणि आई ते काढून छातीवर ठेवेल. तोंडाला फेस होता म्हणूनच बहुतेक मी बोललो. आरशातल्या त्यांना म्हणालो, मागे वळून नाही.

"बाबा, कारखान्यात पाणी तुम्ही नव्हतं शिंपलं. मी शिंपलं होतं."

ओदोनचं वर्तमानपत्र खाली आलं. बाबा माझ्याकडे आरशात बघत राहिले. आता ते ओरडतील, रडतील, असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, "कुठून कुठं शिंपलंस?"

"आतल्या भिंतीपासून दाराकडे."

"ओंजळीला किती हबके?"

"तीन."

"मधे ओल्यावर पाय नाही पडला ना?"

"नाही."

"मग बरोबर शिंपलंस," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. खरंच उजळला होता, आणि ते मला सहन होईना. त्यांनी हात बाहेर काढले आणि दोन्ही गुडघ्यांवर ठेवले. "ऐकलंस का रे ओदोन? मी नव्हतोच. आमचा गेलेर्ट होता. मी म्हणत होतो ना, ते शिंपणं पाहून मला वाटलं होतं, हे माझ्याशिवाय कुणाला जमणार? आता कळलं. त्याला दोन वर्षं शिकवलंय मी."

"ऐकलं," ओदोन म्हणाला. "सहा वर्षं उशिरा ऐकलं, पण ऐकलं." तो माझ्याकडे बघत नव्हता. "बापाला सांगितलंस हे बरं केलंस. साहेबाला सांगायचं तेवढं राहिलं वाटतं."

"अरे, पोरगं घाबरलं असेल," बाबा म्हणाले. "जित्याची खोड ती, त्याला तरी काय माहीत हात गेला ते." ते हसत होते. बोटं उघडत होते, मिटत होते, नवीन बूट घालून बघावेत तसे. मग त्यांना काहीतरी आठवलं. हसू अजून तोंडावरच होतं. "पण मला एक कळत नाही. मी तर साहेबाला सांगितलं, आठवत नाही म्हणून. मग त्यानं ओदोनला का काढलं? मला काढलं ते एक असो. तू बराच वेळ बोलत होतास त्याच्याशी. काय सांगितलंस?"

मी तेवढ्यावर थांबू शकलो असतो. पाणी शिंपल्याची माफी मला मिळालीच होती, वर शाबासकीही. ती घेऊन घरी जाता आलं असतं. एवढं स्वस्तात सुटण्याचीसुद्धा लाज असते हे मला तोवर माहीत नव्हतं.

"मी सांगितलं की तुम्ही कबूल केलंत," मी म्हणालो. "सवयीनं केलं, माफ करा, असं तुम्ही म्हणालात म्हणून सांगितलं."

कालमान मागून आला होता. तो टॉवेल हातात घेऊन तसाच उभा राहिला. हसू बाबांच्या तोंडावरून लगेच गेलं नाही, ते जायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ मी आरशात ते बघत होतो. मग ते उठले. ओली जमीन ओलांडून माझ्या खुर्चीमागे आले आणि कालमानला म्हणाले, "ब्रश दे."

"काका, मी करतो ना. बसा तुम्ही, याचं झालं की—"

"ब्रश दे आणि वस्तरा दे."

त्यांनी माझ्या डोक्यावरून आरशात बघत स्वतःच्या गालाला फेस लावला. आरशात आम्ही दोघं एकावर एक, दोघांचीही तोंडं पांढरी. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. वस्तरा पट्ट्यावर चार वेळा फिरवला, गाल बोटानं ताणला, आणि कानापासून हनुवटीपर्यंत एका दमात खाली आणला. हात हलला नाही. व्हार्निशचा शेवटचा हात देताना ते श्वास धरत, तसाच धरला होता. दुसरा गाल. मग नरडं, खालून वर. ओदोन उठून उभा राहिला होता. त्यांनी तोंड पुसलं, वस्तरा पुसून मिटून फळीवर ठेवला, टोपी घातली.

"चल ओदोन," ते म्हणाले.

दारात ते थांबले. "आईला तूच सांगायचंस," ते बाहेर बघत म्हणाले. "मी काय म्हणालो होतो ते, आणि तू काय सांगितलंस ते. दोन्ही. जसंच्या तसं."

दोघं म्हातारे गेले. बाबांचे हात चालताना मोकळे हलत होते, आणि त्यांना हाताला धरायला कुणी लागलं नाही. कालमान माझ्याजवळ आला, माझ्या गालाला बोट लावून पाहिलं. "वाळला सगळा," म्हणाला. ओल्या फडक्यानं त्यानं तो पुसला आणि पुन्हा फेस लावायला घेतला. मी मनातल्या मनात आईसमोर उभा राहिलो. ती कोबी चिरत असेल. मी सुरुवात केली, त्या दिवशी हवा फार ओली होती. मग पुन्हा केली, साहेब तेव्हा घाईत होता. मग, बाबांना आठवत नव्हतं. प्रत्येक वेळी दुसराच कुणीतरी आधी यायचा. चौथ्या खेपेला वाक्य माझ्यापासून सुरू झालं, आणि ते माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं असावं, कारण कालमाननं माझी हनुवटी वर केली आणि म्हणाला, "बोलू नकोस. वस्तरा आहे."